राजा लिअरचा दरबार आणि आपल्या बहिणीची सही

जयंतीच्या पंधरवड्यात वैजापुरातल्या एका वस्तीत कार्यक्रम होता. भीमगीते झाली, दोन लहान मुलींची भाषणे झाली. मग बारावीतल्या एका मुलाने 'नटसम्राट'मधले बेघर म्हाताऱ्याचे ते प्रसिद्ध स्वगत केले. खांद्यावर फाटकी शाल, आवाज खणखणीत. पोराने मंडप गप्प केला. बायामाणसे रडली. माझे वडील रडले, चुलते रडले. मीही डोळे पुसले.

त्यानंतर दहाच दिवसांनी आम्ही सगळे नोंदणी कार्यालयाच्या व्हरांड्यात उभे होतो. आजोबांनी गायरान फोडून कसलेली आणि पुढे नावावर झालेली अडीच एकर जमीन. त्यातली काही रस्त्यात गेली होती आणि मोबदला यायचा होता. सातबारावर वारस तीन : वडील, चुलते आणि आत्या. पैसे येण्याआधी आत्याचे नाव कमी व्हायला हवे होते. हक्कसोडपत्र तयार होते. ते तिला कुणी वाचून दाखवले नाही. तिनेही विचारले नाही. तिने एवढेच विचारले, "कुठं करू रं सही?"

मी कागदावर बोट ठेवले. घरात शिकलेला मीच.

सही झाली. वडिलांनी लुगडे दिले, चुलत्यांनी गाडीभाड्याला हजार रुपये दिले. "भाऊ हाये तर माहेर हाये," असे म्हणून आत्या एसटीत बसली. ज्या जमिनीवरचा हक्क तिने सोडला, त्या जमिनीतले दगड तिने दहा-अकरा वर्षांची असताना पाटीने वाहिले होते. ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. आजोबा दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले, हे आम्ही प्रत्येक भाषणात सांगतो. ते तुरुंगात असताना गायरानावर कोण राबत होते, हे सांगत नाही.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक प्रश्न आहे. मुलांनी टाकून दिलेल्या बापासाठी आपल्या डोळ्यांत पाणी येते. बापाने आणि भावांनी वाटणीतून काढून टाकलेल्या मुलीसाठी का येत नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला नाटकाचा उपयोग झाला. म्हणून हा लेख नाटकापासून सुरू करतो आणि सातबारावर आणून सोडतो.

बेलवलकरांच्या घरी कोण नाही?

वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० मध्ये रंगभूमीवर आले. डॉ. श्रीराम लागूंनी अप्पासाहेब बेलवलकर उभे केले आणि मराठी मध्यमवर्गाला आपल्या म्हातारपणाची धास्ती बसली. २०१६ मध्ये चित्रपट आला, तेव्हा नवी पिढीही तशीच रडली. गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. निवृत्त झालेला थोर नट आपली कमाई मुलामुलीत वाटून टाकतो. मग मुलाच्या घरी अपमान होतो, मुलीच्या घरी चोरीचा आळ येतो आणि तो रस्त्यावर येतो. रस्त्यावर त्याला आसरा देतो बूटपॉलिश करणारा एक पोरगा. त्याचे नाव राजा. बूटपॉलिशच्या पेटीमागे या देशात बहुतेक वेळा कोण बसलेले असते, हे तुम्हा-आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. ज्याला वारसा म्हणून काही मिळाले नाही, त्याच्याकडेच माणुसकी शिल्लक होती. शिरवाडकरांनी हे दाखवले, ही त्यांची मोठी गोष्ट आहे आणि ती मान्य केली पाहिजे.

हे नाटक शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'च्या छायेत लिहिले गेले. मूळ नाटक साधारण १६०५-०६ चे. विंदा करंदीकरांनी १९७४ मध्ये त्याचा 'राजा लिअर' हा मराठी अनुवाद प्रसिद्ध केला. दोन्ही शेजारी ठेवून वाचा, म्हणजे एक फरक लगेच लक्षात येईल. लिअरला तीन मुली आहेत. बेलवलकरांना एक मुलगा आणि एक मुलगी. लिअरची तिसरी मुलगी, कॉर्डेलिया, मराठीत आलीच नाही. बापाच्या तोंडावर खरे बोलणारी आणि त्यापायी वाटणीतून बाद होणारी मुलगी मराठी घरात बसली नाही. म्हातारा आला, कृतघ्न मुले आली, पावसातला आक्रोश आला. वाटा नाकारलेली मुलगी मात्र गाळली गेली.

नाटककार आपल्या मनाप्रमाणे कथा बदलतो, तो त्याचा अधिकार आहे. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांनी १९८५ च्या 'रान' चित्रपटात लिअरच्या तिन्ही मुलींचे मुलगे केले. सरदार आपले राज्य मुलींना वाटतोय, हे त्या काळच्या जपानात पटण्यासारखे नव्हते. प्रश्न कलावंतांचा नाही, आपल्या रडण्याचा आहे. चार पिढ्या एका बापासाठी रडणाऱ्या समाजाला कॉर्डेलियाची उणीव एकदाही का भासली नाही?

वाटणीचा पहिला प्रवेश

ज्यांनी मूळ नाटक वाचले नाही त्यांच्यासाठी पहिला प्रवेश सांगतो. सगळा मुद्दा तिथेच आहे.

म्हातारा राजा दरबार भरवतो. राज्याचे तीन भाग करायचे ठरले आहे. पण तो एक अट घालतो. माझ्यावर कुणाचे प्रेम किती आहे ते आधी सांगा, त्यावर वाटा ठरेल. थोरली गॉनेरिल प्रेमाचे मोठाले मनोरे रचते, तिला वाटा मिळतो. मधली रीगन तिच्यावर ताण करते, तिलाही मिळतो. धाकटी कॉर्डेलिया म्हणते, मला काही बोलायचे नाही. राजा खवळतो. ती शांतपणे सांगते की मुलगी म्हणून बापाशी जे नाते आहे, त्या नात्याने येते तेवढे प्रेम मी करते, त्याहून जास्तही नाही आणि कमीही नाही. ती आणखी एक बिनतोड प्रश्न विचारते. माझ्या बहिणी सगळे प्रेम बापालाच देत असतील, तर त्यांनी नवरे कशाला केले?

राजा तिचा वाटा कापतो आणि दोघी बहिणींत वाटून टाकतो. तिच्या बाजूने एकटा केंट नावाचा सरदार बोलतो. त्याला हद्दपार करतात. तिला मागणी घालायला आलेला बर्गंडीचा सरदार हुंडा मिळणार नाही म्हटल्यावर मागे फिरतो. फ्रान्सचा राजा मात्र तिला हुंड्याविना पत्करतो.

आता हा दरबार नीट बघा. तो आपल्याला अनोळखी वाटतो का? वाटा हा हक्क नसून बापाची मर्जी आहे. मर्जी मिळवायची तर प्रेम सिद्ध करावे लागते. प्रेम सिद्ध करायची भाषा ठरलेली आहे. ती भाषा न बोलणारी मुलगी कृतघ्न ठरते. तिच्या बाजूने बोलणारा घरभेदी ठरतो. आणि लग्नाच्या बाजारात तिची किंमत हुंड्यावरून ठरते.

आपल्याकडे फक्त एक फरक आहे. लिअरच्या दरबारात गोड बोलणाऱ्या मुलींना निदान राज्य तरी मिळाले. आपल्याकडे मुलीने प्रेम सिद्ध करायचे म्हणजे हक्क सोडायचा. भावावर माया असेल तर सही कर. सही केली नाही तर पैशाला हपापलेली. इथे गॉनेरिललाही काही मिळत नाही आणि कॉर्डेलियालाही नाही.

दुष्ट मुली आणि शंभर सरदार

आता कुणी म्हणेल, पण त्या दोन मुलींनी बापाला घराबाहेर काढले, त्याचे काय? काढले, हे खरे. रीगन आणि तिच्या नवऱ्याने तर ग्लॉस्टर नावाच्या म्हाताऱ्या सरदाराचे डोळे काढले. त्यांची वकिली मी करत नाही. पण एक गोष्ट बायांच्या नजरेने वाचा. राज्य सोडल्यावर लिअर स्वतःसाठी शंभर सरदार राखून ठेवतो आणि महिना-महिना दोन्ही मुलींकडे राहायला निघतो. सत्ता दिली, जबाबदारी दिली, पण मान, थाट आणि हुकूम स्वतःकडे ठेवला. शंभर माणसांचे खाणेपिणे कुणी बघायचे? गॉनेरिल पन्नास म्हणते, रीगन पंचवीस म्हणते, मग दहा, पाच, शेवटी एक तरी कशाला, इथवर उतरते. यात निर्दयपणा आहेच. पण निवृत्त झाल्यावरही घरातल्या बाईने आपला दरबार चालवावा, ही बापाची अपेक्षासुद्धा त्यात आहे. तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

या नाटकात एडमंड नावाचा आणखी एक वारस आहे. तो ग्लॉस्टरचा लग्नाबाहेरचा मुलगा. त्याला जन्मावरून हीन ठरवले आहे आणि वारशातून वगळले आहे. तो विचारतो की माझे अंग, माझी बुद्धी औरस भावाहून कुठे उणी आहे, मग मला नीच का म्हणता? जन्मावरून ठरणाऱ्या उच्चनीचतेवर चारशे वर्षांपूर्वीच्या रंगमंचावर केलेला हा सरळ हल्ला आहे. पण तो प्रश्न नाटककाराने खलनायकाच्या तोंडी घातला. एडमंड पुढे कपटी निघतो आणि त्याच्या कपटाबरोबर त्याचा प्रश्नही प्रेक्षक विसरून जातात. हक्क मागणाऱ्याला दुष्ट ठरवले की हक्काचे उत्तर द्यावे लागत नाही. ही युक्ती आपल्याला चांगली ओळखीची आहे. आरक्षणाच्या प्रत्येक चर्चेत ती आपल्यावर वापरली जाते. आणि तीच युक्ती आपण आपल्या बहिणींवर वापरतो.

बाबासाहेबांनी मुलीचा वाटा कुठून कुठे नेला

नाटक आपल्या चळवळीला परके नाही. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला सुरू केलेल्या आणि पुढे मिलिंद म्हणून ओळखल्या गेलेल्या महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीसांचे 'युगयात्रा' उभे राहिले, हा इतिहास नागसेनवनात शिकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण लिअरच्या पहिल्या प्रवेशाचे खरे उत्तर आपल्याला नाटकात मिळत नाही. ते संसदेच्या कामकाजात मिळते.

मिताक्षरा पद्धतीत वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने हक्क मिळत होता, पण फक्त मुलग्यांना. मुलगी त्याच घरात जन्मली तरी तिचा जन्म मोजला जात नव्हता. बी. एन. राव समितीच्या मसुद्याने मुलीला मुलाच्या निम्मा वाटा सुचवला. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली प्रवर समितीने तो मुलाच्या बरोबरीने केला. जन्माने मिळणाऱ्या पुरुषी मिराशीची रचनाच मोडावी आणि विधवेला मिळणारी मर्यादित मालकी पूर्ण मालकी व्हावी, हेही त्या बिलात होते.

विरोध कुणी केला? राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद विरोधात होते, काँग्रेसमधले सनातनी होते, हिंदू महासभा आणि संघ होता, साधू-महंतांचे मोर्चे होते. त्यांचा एक आवडता युक्तिवाद असा होता की मुलीला वाटा दिला तर भावा-बहिणीचे प्रेम तुटेल, जावई घरात घुसतील, कुटुंबाचे तुकडे पडतील. बिल रखडवले गेले आणि शेवटी चारच कलमे मंजूर होऊन गुंडाळले गेले. २७ सप्टेंबर १९५१ ला बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याची कारणे एकाहून जास्त होती, पण हिंदू कोड बिल त्यांतले मोठे. वर्गावर्गातली आणि स्त्रीपुरुषातली विषमता तशीच ठेवून आर्थिक कायदे करत बसणे म्हणजे संविधानाची थट्टा आहे, अशा आशयाचे त्यांनी आपल्या निवेदनात मांडले.

मित्रांनो, आता हृदयावर हात ठेवून सांगा. भावा-बहिणीचे प्रेम तुटेल, जावई घुसेल, घराचे तुकडे पडतील. ही वाक्ये तुम्ही शेवटची कुठे ऐकली? मी ती आमच्या घरात ऐकली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. सनातन्यांचा जो युक्तिवाद बाबासाहेबांनी सभागृहात झेलला, तो आज निळा झेंडा लावलेल्या घरातल्या बैठकीत मुक्कामाला आहे.

आणखी एक जोड लक्षात घ्या. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असेलही, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. लिअरचा दरबार म्हणजे या इशाऱ्याचा नमुना आहे. प्रेमाची परीक्षा घेऊन हक्क वाटणारा बाप आणि भक्तीची परीक्षा घेऊन पदे वाटणारा नेता, ही एकच जात आहे. ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे पुढे किती तुकडे झाले, ते मोजत बसण्यात अर्थ नाही. पण प्रत्येक तुकड्याच्या दरबारात कोण गोड बोलून बसले आणि कोणता केंट हद्दपार झाला, हे आपल्याला ठाऊक आहे. जे घरात चालते तेच चळवळीत चालते. घरातल्या बहिणीला हक्क मागू न देणारा तरुण पक्षात लोकशाही आणेल, यावर माझा विश्वास नाही.

कायदा आज काय सांगतो

तरुणांना हे तोंडपाठ असले पाहिजे, म्हणून थोडक्यात लिहितो.

हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ चा आहे आणि तो बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू होतो. "आपण बौद्ध आहोत, हिंदूंचा कायदा आपल्याला नाही," असे सांगून बहिणीला गप्प करणारे लोक मी पाहिले आहेत. ते चुकीचे सांगतात. बापाने स्वतः मिळवलेली मालमत्ता असेल आणि तो मृत्युपत्र न करता गेला असेल, तर मुलगा, मुलगी आणि विधवा हे पहिल्या वर्गाचे वारस आणि वाटे समान. हे १९५६ पासून आहे. आमच्या आत्याचा तिसरा हिस्सा याच कायद्याने तिचा होता. त्यासाठी कुणाच्या उपकाराची गरज नव्हती.

वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत महाराष्ट्राने १९९४ च्या दुरुस्तीने मुलींना हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळले. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीने ही भिंत पाडली. विवाहित असो वा अविवाहित, मुलगी जन्माने सहहिस्सेदार झाली. विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केले की २००५ मध्ये बाप हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत. बापाने स्वकमाईचे मृत्युपत्र केले असेल तर त्याप्रमाणे होते, हेही लक्षात ठेवा.

आणि हक्कसोडपत्र? ते नोंदवावे लागते आणि एकदा नोंदवले की सहज मागे घेता येत नाही. दबाव किंवा फसवणूक असेल तर न्यायालयात जाता येते, पण मुदतीत आणि पुराव्यासह. हक्क सोडायला एक सकाळ लागते. तो परत मिळवायला वर्षे जातात.

चार सबबी

पहिली सबब : बहीण स्वखुशीने सोडते. स्वखुशी म्हणजे काय, याचा विचार करा. दिवाळी-पंचमीला मुऱ्हाळी येणार की नाही, नवऱ्याने मारले तर रात्री कुठे जायचे, मुलीच्या लग्नात मामा उभा राहणार की नाही, हे सगळे एका सहीवर टांगून ठेवले आहे. अशा जागी दिलेल्या संमतीला संमती म्हणणे म्हणजे वेठबिगाराला स्वयंसेवक म्हणण्यासारखे आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनीही गावकीची कामे 'खुशीने'च केली होती, असे गाव सांगत असे.

दुसरी सबब : लग्नात खर्च केला, तोच तिचा वाटा. तो खर्च कुणाच्या हातात गेला? मांडवाला, जेवणाला, सासरच्या मानपानाला. तिच्या नावावर त्यातले काय राहिले? हुंडा घेणे-देणे १९६१ पासून गुन्हा आहे. गुन्ह्याची रक्कम हक्कातून वजा करता येत नाही.

तिसरी सबब : म्हातारपणी आईबापाला मुलगाच बघतो. इथेच 'नटसम्राट'ची भीती कामाला येते. ही भीती खोटी नाही. म्हणून तर जाणती माणसे सांगतात की हयातीत सगळे मुलांच्या नावे करून मोकळे होऊ नका. पण त्याचे उत्तर मुलीला वगळणे हे नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने आईवडिलांना पोसण्याची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवरही टाकली आहे. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळले नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून मागण्याची सोय कलम २३ मध्ये आहे. आणि खरे सांगा, वैजापूरच्या दवाखान्यात म्हाताऱ्या आईच्या खाटेजवळ रात्रभर कोण बसलेले दिसते? भाऊ डबा देऊन जातो. लेक बसलेली असते. वादळात लिअरला शोधायला फौज घेऊन कोण परत आले? जिचा वाटा कापला ती.

चौथी सबब आपली खास आहे : आपल्याकडे जमीनच कुठे आहे, मग वाटा कशाचा? ही सबब ऐकायला क्रांतिकारक वाटते, म्हणून जास्त धोक्याची आहे. गायरानाचा पट्टा आहे. घरकुलाची जागा आहे. नोकरीत असलेल्या बापाचा फंड आणि ग्रॅच्युइटी आहे. नांदूर मधमेश्वरच्या कालव्याचे पाणी तालुक्यात आले आणि समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेला, तेव्हापासून ज्या तुकड्याला कुणी विचारत नव्हते त्याला भाव आला आहे. जमिनीला किंमत नव्हती तेव्हा सातबारावरची बहिणीची नावे कुणाला खुपत नव्हती. आज ती खुपतात. थोडे आहे म्हणून वाटायचे नाही, हे तत्त्व आपण मानले तर प्रस्थापितांनी आपल्याला काय वेगळे सांगितले होते?

गोड शेवट नको

लिअरच्या शेवटाविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मूळ नाटकात कॉर्डेलियाला तुरुंगात फाशी देतात आणि म्हातारा बाप तिचे प्रेत हातांवर घेऊन येतो. तिची किंमत त्याला कळलेली असते, पण आता उपयोग नसतो. हा शेवट इंग्रज प्रेक्षकांना सोसला नाही. १६८१ मध्ये नेहम टेट नावाच्या लेखकाने तो बदलला. कॉर्डेलिया जगते, तिचे लग्न लागते, राजाला राज्य परत मिळते. पुढे सुमारे दीडशे वर्षे इंग्लंडच्या रंगमंचावर तोच गोड शेवट चालला.

आपल्या घरोघरी टेटचाच प्रयोग चालू आहे. बहीण हसत सही करते, लुगडे घेते, ओवाळते, सगळे गोड होते. मग ती कधीतरी विधवा होऊन किंवा टाकली जाऊन परत येते. तेव्हा भावाच्या दारात तिला पाहुणी म्हणून किती दिवस ठेवायचे, याची बैठक बसते. हा मूळ शेवट आपण बघायला थांबत नाही.

वादळात उघड्यावर भिजताना लिअरला पहिल्यांदा आठवते की आपल्या राज्यात अंगावर धड कपडा नसलेले, उपाशी, बेघर लोक आहेत आणि आपण त्यांची काळजी घेतली नाही. सिंहासनावर असताना हे दिसले नव्हते. आपल्याला मात्र ही सबब नाही. आपण त्याच वादळात जन्मलो. नाकारले जाणे म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. तरीही घरात छोटेसे सिंहासन मिळाल्यावर आपण दरबार भरवतो, याची लाज वाटली पाहिजे.

करायचे काय? माझ्यापुरते सांगतो. वडिलांच्या नावचे घर आणि प्लॉट आहे. त्यात माझ्या बहिणीचे नाव वारस म्हणून लागेल आणि ते कमी करण्याच्या कोणत्याही कागदावर मी साक्षीदार होणार नाही. हे मी घरात सांगितले आहे. आत्याचे हक्कसोडपत्र आता नोंदले गेले आहे. पण मोबदल्यातला तिसरा हिस्सा तिच्या खात्यावर टाकायला आणि उरलेल्या जमिनीतला तिचा वाटा बक्षीसपत्राने तिला परत करायला कायदा कुणाला अडवत नाही. मी हे वडिलांपुढे मांडले. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चुलते म्हणाले, पुस्तके वाचून पोरगं घरावर उठलं. अजून काही ठरलेले नाही.

आत्याला फोन केला, तेव्हा ती म्हणाली, "राहू दे बाळा, भावांना वाईट वाटंल." मी म्हणालो, "आत्या, दगड तू वेचले होते ना?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वेचले होते की. हाताला अजून घट्टे हायेत."

तुम्हा तरुणांना माझे मागणे मोठे नाही. जयंतीला स्टेज बांधाल, तेव्हा एक कोपरा वारसा हक्काच्या माहितीसाठी ठेवा. तिथे वकील बसवा, कायदा समजावून सांगा. भाषण करणाऱ्या प्रत्येकाला एकदा विचारा, तुमच्या सातबारावर, तुमच्या घरपट्टीवर बहिणीचे नाव आहे का? आणि पुढच्या वेळी तुमच्या घरातल्या कुणी "कुठं सही करू?" असे विचारले, तर बोट ठेवू नका. कागद वाचून दाखवा.

मी वाचून दाखवला नाही. त्या दिवशी मला केंटही होता आले नाही.

जय भीम.